व्याप्ती, समव्याप्ती आणि काव्यविचार

ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'चे चोविसावे प्रकरण महाकाव्याविषयी आहे. विस्तार, छंद, अद्भुताची योजना असे अपेक्षित विषय चालू असताना त्यात अचानक एक तर्कशास्त्रीय निरीक्षण येते. खोटे योग्य रीतीने कसे सांगावे हे इतर कवींना होमरनेच शिकवले, असे म्हणून ॲरिस्टॉटल त्या खोट्याची घडण उलगडून दाखवतो. पहिली गोष्ट असली की दुसरी असते, एवढे ठाऊक असले की दुसरी आढळताच पहिलीही असलीच पाहिजे, असे माणसे गृहीत धरतात. आणि हे गृहीतक सदोष असते. उदाहरण म्हणून तो 'ओडिसी'तील पादप्रक्षालनाच्या प्रसंगाचा केवळ नामनिर्देश करतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेला भाग, बहुतेक अभ्यासकांच्या मते, एकोणिसाव्या सर्गातील पेनेलोपीच्या परीक्षेचा आहे. भिकाऱ्याच्या वेशात आलेला ओडिसियस आपण क्रीटचे रहिवासी असल्याचे आणि ओडिसियसचे आतिथ्य केल्याचे तिला सांगतो. पेनेलोपी भोळी नाही. ती त्याची परीक्षा घेते. तुझ्याकडे आला तेव्हा माझ्या पतीच्या अंगावर कोणती वस्त्रे होती, असे ती विचारते. भिकारी जांभळ्या दुहेरी उपरण्याचे, हरिणाच्या पाडसाला धरलेला कुत्रा कोरलेल्या सोन्याच्या पदकाचे, सोबतच्या दूताचेही वर्णन करतो. ती वस्त्रे तिनेच दिलेली असतात. खुणा पटतात आणि ती पाहुण्याच्या कथेवर विश्वास ठेवते. तिच्या मनातील तर्क असा: याने ओडिसियसचे आतिथ्य केले असेल, तर याला ती वस्त्रे ठाऊक असतील, याला वस्त्रे ठाऊक आहेत, म्हणून याने आतिथ्य केले. पहिले विधान खरे आहे, दुसरेही खरे आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे. वस्त्रे ठाऊक असण्याचे दुसरे एक कारण तिच्या समोरच बसलेले असते.

'अ असेल तर ब' हे विधान मान्य केल्याने 'ब असेल तर अ' हे विधान मान्य होत नाही. ही दोन्ही विधाने स्वतंत्रपणे खरी ठरली, तरच अ आणि ब यांच्यात परस्परानुमेयता आहे असे म्हणता येते. तेव्हाच ती विधाने तर्कदृष्ट्या सममूल्य होतात. तर्कशास्त्राच्या पहिल्या काही पाठांतलाच हा भाग आहे. परंतु काव्याविषयीच्या दोन मोठ्या वादांचे मूळ याच भागात सापडते: काव्याचा अर्थ वाचकाला कोणत्या मार्गाने कळतो, हा एक, काव्याची व्याख्या करता येते की नाही, हा दुसरा. हे दोन वाद सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत मांडले जातात आणि त्यांच्यातील आप्तसंबंध त्यामुळे दुर्लक्षित राहतो.

ॲरिस्टॉटलने या संबंधाचा विचार इतरत्र अधिक शिस्तीने केला आहे. 'टॉपिक्स' या ग्रंथात तो वस्तूचा 'स्व-धर्म' सांगताना माणूस आणि व्याकरण शिकण्याची पात्रता यांचे उदाहरण घेतो. माणूस असेल तर ही पात्रता असते आणि ही पात्रता असेल तर माणूस असतो. दोन्ही पदे एकमेकांच्या जागी ठेवता येतात. तरीही ही पात्रता म्हणजे माणसाची व्याख्या नव्हे, कारण वस्तूचे सार त्यातून सांगितले जात नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. दुहेरी संबंध व्याख्येला आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने व्याख्या सिद्ध होत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत दिसते. उलट, एकेरी संबंधाला दुहेरी समजण्याचा दोष तो हेत्वाभासांवरील ग्रंथात नोंदवतो. मध पिवळा असतो, म्हणून पिवळे पित्त हे मध समजले जाते. पाऊस पडला की जमीन ओली होते, म्हणून ओली जमीन पाहून पाऊस पडल्याचे मानले जाते. 'वक्तृत्वशास्त्रा'त त्याने खुणांचेच दोन वर्ग केले: स्तनात दूध येणे ही प्रसूतीची अटळ खूण, पण जोराने श्वास चालणे ही तापाची खंडनीय खूण. वक्त्याला दोन्ही प्रकारच्या खुणा चालतात. कवीचे काम बहुतांशी दुसऱ्या प्रकारावर चालते, आणि ॲरिस्टॉटलने ते दूषण म्हणून नव्हे, तर होमरच्या कौशल्याचा भाग म्हणून सांगितले आहे.

माणसे उलट दिशेने का जातात, याचे थोडे उत्तर रोजच्या भाषेत आहे. 'अभ्यास केलास तर जत्रेला नेईन' हे वाक्य ऐकणारे मूल 'अभ्यास केला नाही तर नेणार नाही' हेही ऐकते, आणि बोलणाऱ्यालाही तेच ऐकवायचे असते. वाक्याच्या शब्दांत मात्र ते नाही. गाइस आणि झ्विकी या भाषावैज्ञानिकांनी १९७१ साली अशा निष्कर्षांना 'आमंत्रित अनुमान' म्हटले. ते निष्कर्ष वाक्यातून निघत नाहीत, वाक्य त्यांना बोलावते. मराठीत 'तर' आणि 'तरच' यांतील फरक एका 'च'ने दाखवता येतो, आणि तो 'च' वगळून त्याचे काम करून घेण्याची सोयही बोलणाऱ्यापाशी असते. गणिताच्या मराठी पाठ्यपुस्तकांना 'जर आणि तरच' अशी काहीशी अवघड रचना करावी लागते, ती याच सोयीचा दरवाजा बंद करण्यासाठी.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची परिभाषा न्यायदर्शनाने घडवली. जेथे धूर तेथे अग्नी, हा धूर आणि अग्नी यांचा व्याप्तिसंबंध. धूर व्याप्य, अग्नी व्यापक. हा संबंध विषम आहे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिक या व्याप्तीची दोन रूपे सांगतात: जेथे धूर तेथे अग्नी हा अन्वय, आणि जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही हा व्यतिरेक. व्यतिरेकात व्याप्य-व्यापकांची दिशा उलटते, पण दोहोंचे अभाव घेतल्यामुळे ते विधान अन्वयाशी सममूल्यच राहते. 'जेथे धूर नाही तेथे अग्नी नाही' हे विधान मात्र वेगळेच आहे आणि ते खोटे आहे. कार्यकारणभाव ठरवताना वापरला जाणारा अन्वयव्यतिरेक याहून निराळा: कारण असता कार्य असते, कारण नसता कार्य नसते. येथे दोन विधाने एकमेकांची रूपांतरे नाहीत. ती स्वतंत्र आहेत आणि दोन्ही मिळून दुहेरी संबंध सिद्ध करतात. एकाच नावाखाली वावरणाऱ्या या दोन गोष्टींची गल्लत साहित्यशास्त्राच्या चर्चेत अनेकदा झालेली आढळते.

दुहेरी संबंधाला न्यायात समव्याप्ती म्हणतात. प्रमेयत्व आणि अभिधेयत्व हे तिचे प्रसिद्ध उदाहरण: जे जे जाणता येते ते ते शब्दाने सांगता येते, आणि जे जे शब्दाने सांगता येते ते ते जाणता येते. (काव्याच्या अभ्यासकाला या उदाहरणाविषयी शंका यावी, अनिर्वचनीयाची भाषा बोलणारे साहित्यशास्त्र ही समव्याप्ती सहज पचवू शकत नाही.) अनुमानाला सदोष करणाऱ्या उपाधीच्या विचारातही समव्याप्तीचा प्रश्न येतो. अग्नीवरून धुराचे अनुमान केले तर ओल्या इंधनाचा संयोग ही उपाधी आड येते. तो संयोग जेथे जेथे धूर तेथे तेथे असतो, पण जेथे जेथे अग्नी तेथे तेथे नसतो. उदयनाच्या मते उपाधी साध्याशी समव्याप्त असली पाहिजे. जास्वंदीचे फूल आपला तांबडेपणा स्फटिकाला देते, तशी उपाधी आपली व्याप्ती हेतूला उसनी देते. जी उसनी द्यायची ती तिच्यापाशी आधी असायला हवी. गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त या अटीची चिकित्सा केली, आणि 'तर्कसंग्रहा'सारख्या प्रवेशग्रंथांत रूढ झालेल्या उपाधिलक्षणात ती अट नाही.

उदयनाने 'किरणावली'त जातिबाधक सांगताना तुल्यत्वाचाही विचार केला. घटत्व आणि कलशत्व यांचे आश्रय तंतोतंत एकच असतील, तर त्या दोन जाती नव्हेत. म्हणजे जातीच्या बाबतीत समव्याप्ती हेच ऐक्य. प्रमेयत्व आणि अभिधेयत्व या जाती नसल्यामुळे ते समव्याप्त असूनही भिन्न राहतात. तार्किकाच्या दृष्टीने घट आणि कलश यांत फरक उरत नाही. कुंतक मात्र पर्यायवक्रतेच्या विवेचनात नेमका हा उरलेला फरक हाती धरतो: एकाच वस्तूचे वाचक अनेक शब्द असतानाही विवक्षित जागी एकच शब्द कवीचा असतो.

या परिभाषेची काव्यविचारातील खरी कसोटी काश्मीरमध्ये लागली. रस अनुमित होतो, असे मत मांडणाऱ्या शंकुकाचे ग्रंथ उपलब्ध नाहीत; त्याचे मत 'अभिनवभारती'तून कळते. नटाने दाखवलेले विभाव, अनुभाव कृत्रिम असतात, तरी प्रेक्षक ते कृत्रिम म्हणून घेत नाही आणि त्यांवरून रामाच्या ठायीच्या रतीचे अनुमान करतो. खोट्या खुणेवरून केलेल्या अनुमानाचा उपयोग काय, या आक्षेपाला उत्तर म्हणून धर्मकीर्तीचा एक दृष्टान्त येतो. एकजण रत्नाची प्रभा पाहून तिलाच रत्न समजून धावतो, दुसरा दिव्याची प्रभा पाहून तिला रत्न समजून धावतो. दोघेही चुकलेलेच असतात. पहिल्याच्या हाती मात्र रत्न लागते. ज्ञानाचे मिथ्यात्व आणि त्याची फलदायकता या दोन गोष्टी शंकुक अशा अलग करतो. पेनेलोपीचा तर्क मिथ्या असतो, परंतु त्याच तर्काने ती ओडिसियसच्या निकट येते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात अनुमानाचा पूर्वपक्ष स्वतःच उभा केला. शब्दावरून वक्त्याचा अभिप्राय अनुमित होतो, हे त्याला मान्य आहे. पण अभिप्रायाचा विषय असलेला व्यंग्यार्थ अनुमेय नाही. काव्यातील व्यंग्याच्या बाबतीत खऱ्याखोट्याची तपासणी निरुपयोगी आहे, इतर प्रमाणांनी त्याची परीक्षा करू पाहणारा हास्यास्पद ठरतो, असेही त्याने बजावले. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहिला तो सर्व ध्वनी अनुमानात अंतर्भूत होतो हे दाखवण्याच्या उघड प्रतिज्ञेने. शब्दाची शक्ती एकच, अभिधा. बाकी जे कळते ते अर्थावरून अर्थाचे अनुमान. ग्रंथाला अनुयायी फार मिळाले नाहीत, आणि आधुनिक अभ्यासकही महिमभट्टाचा उल्लेख बऱ्याचदा पराभूत पक्ष म्हणूनच करतात. या वादात त्याची बाजू वाटते तितकी दुबळी नाही.

वादाचे केंद्र ठरलेले उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातील आहे, आणि घटनास्थळ गोदेचा काठ आहे. 'गाथासप्तशती'तील त्या गाथेत एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की तो आता निर्धास्त फिरू शकतो, कारण त्याला त्रास देणारा कुत्रा गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आजच मारला. वाच्यार्थ फिरण्याच्या अनुमतीचा आहे. व्यंग्यार्थ निषेधाचा: तिच्या संकेतस्थळाकडे त्याने फिरकू नये. विधीतून निषेध निघावा, असे काय घडते? महिमभट्टाचे उत्तर असे, की येथे एक व्याप्ती काम करते. भित्र्या माणसाचे फिरणे भयाचे कारण नसल्याच्या निश्चयावर अवलंबून असते. गोदाकाठी सिंहरूप भयकारण आहे. म्हणून तेथे फिरणे नाही. व्यतिरेकाच्या दिशेने जाणारे हे अनुमान आकाराने निर्दोष आहे.

मम्मट 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात त्या आकाराला हात लावत नाही. तो व्याप्तीलाच आव्हान देतो. भित्रा माणूसही गुरूच्या वा स्वामीच्या आज्ञेने, प्रियेच्या ओढीने, किंवा अशाच अन्य कारणाने भयस्थानी जातो. हेतू अनैकांतिक झाला. कुत्र्याचा स्पर्श टाळणारा माणूस शूर असू शकतो आणि सिंहाला भीत नसेल. हेतू विरुद्ध झाला. शिवाय गोदाकाठी सिंह आहे हे प्रत्यक्षाने वा अनुमानाने कळलेले नाही, त्या स्त्रीच्या शब्दावरून कळले आहे, आणि शब्दाचा वस्तुस्थितीशी नियत संबंध नसतो. हेतू असिद्ध झाला. तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. सहृदयाला गाथेचा आनंद मिळतो तो सिंह बहुधा नाहीच, असे वाटत असताना.

मम्मटाचे तिन्ही आक्षेप ग्राह्य आहेत. मात्र त्यांनी जे सिद्ध होते ते मम्मटाला हवे तेवढे नाही. हेतू सदोष असला तर ते अनुमान प्रमाण ठरत नाही, एवढेच हेत्वाभास दाखवल्याने सिद्ध होते. ज्ञानप्रक्रिया अनुमानाची नव्हती, हे त्यावरून निघत नाही. बाष्पाला धूर समजून अग्नीचे अनुमान करणाऱ्याला झालेले ज्ञान भ्रान्त असते, पण ते अनुमितीच असते. नैयायिकही त्याला दुसरे नाव देत नाहीत. ॲरिस्टॉटलनेही पेनेलोपीच्या तर्काला कुतर्क म्हटले, तर्काचा अभाव म्हटले नाही. मम्मटाच्या बाजूने एक उत्तर संभवते: भ्रान्त अनुमान करणाऱ्याला व्याप्ती निश्चित वाटत असते, सहृदयाला ती तशी वाटत नाही. व्याप्ती अनिश्चित आहे हे जाणूनही ज्याला अर्थ कळतो, त्याचा मार्ग अनुमानाहून वेगळा असला पाहिजे. हे उत्तर सबळ आहे. पण त्यासाठी वादाचा विषय हेतूच्या दोषांवरून वाचकाच्या निश्चयावर न्यावा लागतो, आणि मम्मटाच्या मजकुरात हे स्थलांतर पुरेसे स्पष्ट झालेले नाही.

ते स्पष्ट झाले सतराव्या शतकात, दुसऱ्या एका श्लोकाच्या निमित्ताने. 'अमरुशतका'तील हा श्लोक मम्मटाने उत्तम काव्याचे उदाहरण म्हणून पहिल्या उल्लासात घेतला होता. नायिकेने प्रियकराला आणण्यासाठी पाठवलेली दूती एकटीच परत येते. तिच्या स्तनांवरचे चंदन गेलेले असते, ओठांचा रंग पुसलेला, डोळ्यांतले काजळ नाहीसे झालेले, अंगावर रोमांच असतात. नायिका म्हणते, तू येथून विहिरीवर स्नानाला गेलीस, त्या अधमाकडे गेली नाहीस. व्यंग्यार्थ उलट आहे. पाचव्या उल्लासाच्या अखेरीस मम्मट या श्लोकाकडे पुन्हा वळून दाखवतो, की चंदन जाणे इत्यादी चिन्हे इतर कारणांनीही होतात. श्लोकातच ती स्नानाची कार्ये म्हणून सांगितली आहेत. म्हणून ती संभोगाशीच नियत नाहीत.

अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त या चिन्हांची अशी फोड केली, की त्यांतील प्रत्येक चिन्हाने स्नानाचा पर्याय वगळला जावा. त्यांच्या विवेचनाची दिशा चिन्हे अधिक नेमकी, अधिक बोलकी करण्याची आहे. आजच्या वर्गातील 'सूक्ष्मवाचना'ला ते विवेचन आवडावे. जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त त्यावर कठोर टीका केली. चिन्हे स्नानाला वगळून संभोगापुरतीच असाधारण झाली तर व्याप्ती सिद्ध होईल. व्याप्ती सिद्ध झाली तर व्यंजना उरणार नाही, अनुमानच होईल. आणि महिमभट्टाचा पराभव करण्यासाठी मम्मटाने चिन्हांच्या ज्या साधारणतेचा आधार घेतला, तो अप्पय्यांनी नकळत काढून घेतला. शिवाय चतुर नायिका आपला संशय असा उघडा करून सांगणार नाही. चिन्हे स्नान आणि संभोग दोहोंना साधारणच हवीत.

जगन्नाथाच्या अप्पय्यांवरील रोषात व्यक्तिगत वैराचा अंश होता, हे सर्वश्रुत आहे आणि त्याची खमंग चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या चर्चेत मूळ मुद्द्याचे महत्त्व झाकले गेले. संभोग झाला तर ही चिन्हे दिसतात. चिन्हे दिसली तर संभोग झाला, असे मात्र नाही. ही दुसरी दिशा बंद असणे हा ध्वनीचा दोष नसून ती त्याची पूर्वअट आहे, असे म्हणणारा हा बहुधा सर्वांत नेमका शास्त्रकार होय. दिशा मोकळी झाली की श्लोक पंचनामा होतो.

येथवर समव्याप्तीचा अभाव काव्याला पोषक ठरला. परंतु हेच शास्त्रकार काव्याचे लक्षण करायला बसले, की समव्याप्तीखेरीज दुसरे काही स्वीकारत नाहीत. लक्षणाचे तीन दोष तर्काच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गायीच्या उदाहरणाने शिकवले जातात. कपिल वर्ण हे गायीचे लक्षण केले तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. शिंगे असणे हे लक्षण केले तर म्हैसही येते, ही अतिव्याप्ती. एक खूर असणे हे लक्षण केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी मात्र जेथे गाय तेथे असते आणि जेथे असते तेथे गायच असते. लक्षण लक्ष्याशी समनियत हवे, अशी ही मागणी आहे. आधुनिक परिभाषेत, अट आवश्यकही हवी आणि पुरेशीही हवी.

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त मम्मटाच्या काव्यलक्षणावर चालवलेले शस्त्र हेच. निर्दोष, सगुण आणि क्वचित अलंकाररहित शब्दार्थ म्हणजे काव्य, असे मम्मट म्हणतो. विश्वनाथ रावणाच्या तोंडचा एक प्रसिद्ध श्लोक पुढे करतो. त्यात विधेयाविमर्श हा दोष आहे. पण आनंदवर्धनाने तो ध्वनीचे उदाहरण म्हणून गौरवला आहे. निर्दोषतेची अट ठेवली तर तो काव्य ठरणार नाही: अव्याप्ती. अट कडक पाळली तर काव्य अत्यंत विरळ होईल किंवा मुळीच उरणार नाही. विश्वनाथाने म्हणून रसात्मक वाक्याला काव्य म्हटले. जगन्नाथाने तेच शस्त्र विश्वनाथावर फिरवले. वस्तू आणि अलंकार प्रधान असलेली काव्ये या लक्षणातून सुटतात. पाण्याचा ओघ, त्याचे कोसळणे, वानरांच्या आणि मुलांच्या क्रीडा यांची वर्णने महाकवींनी केली आहेत. ती काव्य नव्हेत असे म्हणणे म्हणजे महाकवींची परंपराच विस्कटणे. तेथेही परंपरेने रसाचा स्पर्श असतोच, असे उत्तर दिले तर 'गाय चालते', 'हरिण पळते' ही वाक्येही काव्य होतील, कारण तसा स्पर्श कोठेही दाखवता येतो. अव्याप्तीतून सुटावे तर अतिव्याप्ती, असा हा पेच आहे. जगन्नाथाचे स्वतःचे लक्षण, रमणीय अर्थाचे प्रतिपादन करणारा शब्द, हा पेच सोडवते की 'रमणीय' या शब्दात लपवते, हे सांगणे कठीण आहे. रमणीयता म्हणजे लोकोत्तर आल्हाद देणाऱ्या ज्ञानाचा विषय असणे, आणि लोकोत्तरत्व अनुभवसाक्षिक. नव्यन्यायाच्या अवच्छेदकांचा सारा पहारा शेवटी सहृदयाच्या साक्षीपाशी येऊन थांबतो.

अलंकारांच्या वर्गवारीतही मम्मटाने दुहेरी कसोटीच वापरली. अलंकार शब्दाचा की अर्थाचा? शब्द असता तो असतो आणि शब्द बदलून पर्याय ठेवला असता नाहीसा होतो, तर शब्दाचा; पर्याय सहन करतो, तर अर्थाचा. हा कार्यकारणाच्या जातीचा अन्वयव्यतिरेक आहे. रुय्यकाला तो पटला नाही. कशामुळे आहे यापेक्षा कशाच्या आश्रयाने आहे हे पाहावे, असे त्याचे म्हणणे. श्लेषाच्या बाबतीत या मतभेदाने निष्कर्षही बदलतात, म्हणून तो केवळ शब्दांचा वाद मानता येत नाही.

पाश्चात्त्य तर्कशास्त्रात दुहेरी संबंधाला स्वतंत्र चिन्ह मिळाले ते बरेच उशिरा. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्किपिया मॅथेमॅटिका'च्या १९१० मधील पहिल्या खंडात दोन विधानांची सममूल्यता म्हणजे दोन दिशांच्या अनुमेयतांचा संयोग, अशी व्याख्या आहे. इंग्रजी गणितलेखनात 'इफ'ला आणखी एक 'एफ' जोडून हा अर्थ सांगण्याची रीत पॉल हाल्मोसने सुरू केली. केलीच्या संस्थितिशास्त्रावरील १९५५ च्या ग्रंथात ती छापील रूपात आली. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मॉरिस वाइट्झने कलेच्या सिद्धान्तांकडे या संबंधाचा अभाव म्हणून पाहिले. कलेला आवश्यक आणि पुरेशा अटींचा संच नाहीच. ती खुली संकल्पना आहे. विट्गेनस्टाइनच्या कुलसाम्याच्या कल्पनेने तिचा विचार करावा. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) नंतरच्या काळात ही परिभाषा समीक्षकांच्या सरावाची झाली. वाइट्झच्या युक्तिवादाने जगन्नाथाचा पेच निकालात निघतो असे मानण्याचे कारण नाही. खुल्या संकल्पनेलाही 'हरिण पळते' हे वाक्य काव्य का नाही ते सांगावे लागते, आणि साम्य तर कशाचेही कशाशी दाखवता येते.

साम्याविषयीच संस्कृत आलंकारिकांनी केलेला एक बारकावा येथे नोंदवण्यासारखा आहे. मर्ढेकरांनी 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा वापरली, तेव्हा दोन भिन्न प्रतिमांचे भावनिक मूल्य सारखे असणे त्यांना अभिप्रेत होते. सारखेपणा हा तर्काच्या दृष्टीने दुहेरीच असतो: मुख चंद्रासारखे असेल तर चंद्र मुखासारखा असलाच पाहिजे. अलंकारशास्त्राने हे मान्य केले नाही. मुख चंद्रासारखे म्हणणे ही उपमा. चंद्र मुखासारखा म्हणणे हे प्रतीप, कारण तेथे उपमानाचा मान उतरवला जातो. आणि मुख चंद्रासारखे, चंद्र मुखासारखा, असे दोन्ही दिशांनी म्हणणे ही उपमा दोनदा सांगणे नव्हे. त्याला उपमेयोपमा हे वेगळे नाव आहे, कारण त्या परस्परतेतून एक नवीनच अर्थ निघतो, की या दोघांसारखे तिसरे काही नाही. तर्कात दोन दिशा जोडल्या की मिळते ती सममूल्यता. त्याच दोन दिशा काव्यात जोडल्या की जगातले बाकीचे सारे बाहेर राहते.